पायाचा अंगठा : एका लहानशा सांध्याचा मोठा इतिहास

मराठीत हाताच्या आणि पायाच्या पहिल्या बोटाला आपण एकच नाव दिले आहे. दोन्ही अंगठेच. परंतु मान मात्र सारा हाताच्या अंगठ्याला मिळाला. एकलव्याच्या कथेत तो आहे, सावकाराच्या चोपडीत तो आहे, आणि ज्याला सही करता येत नाही त्याला आपण ‘अंगठेबहाद्दर’ म्हणतो, त्यातही तोच आहे. आपल्यासारख्या शिक्षणसंस्था निघाल्या त्याच मुळी हा शाईत बुडालेला अंगठा पुसून तेथे लेखणी यावी म्हणून. पायाच्या अंगठ्याची आठवण मात्र ठेच लागल्याशिवाय कोणाला होत नाही. या दुर्लक्षित अवयवाचा, त्याच्या दुखण्याचा आणि त्या दुखण्यावर माणसाने शोधलेल्या उपायांचा इतिहास विद्यार्थ्यांना व पालकांना सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास जितका मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे, आणि त्यातून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कामी येईल अशी एक गोष्ट हाती लागते.

अंगठ्याचे काम

माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. इतर बोटांत तीन-तीन पेरे, तर अंगठ्यात दोनच. परंतु ती जाड व मजबूत. अंगठा जेथे पावलाला मिळतो तेथे एक सांधा आहे. चप्पल घातल्यावर पावलाच्या आतील बाजूस जो उंचवटा दिसतो तोच हा सांधा होय. या सांध्याच्या खाली वाटाण्याएवढी दोन छोटी हाडे असून त्यांवरून स्नायूंच्या दोऱ्या कप्पीवरून दोर सरकावा तशा सरकतात.

आपण पाऊल उचलतो तेव्हा आधी टाच वर येते, मग सारा भार पुढे सरकतो आणि शेवटी अंगठा जमिनीला रेटा देतो. त्या क्षणी हा सांधा वरच्या बाजूस चांगलाच वाकतो. तो वाकला की तळपायाखालची जाड पट्टी ताणली जाते आणि पावलाची कमान आपोआप उंच व ताठ होते. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळावा तशी ही क्रिया घडते. जे. एच. हिक्स या इंग्रज शल्यविशारदाने १९५४ साली तिचे वर्णन केले तेव्हा रहाटाचीच उपमा योजली.

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील वाचकांना हे पुस्तकातून समजावून देण्याची गरज नाही. म्हशावरून नारिवलीकडे जावे, बोरवाडीपाशी यावे आणि तेथून सिद्धगडाची चढण धरावी. भीमाशंकरच्या जंगलात शिरणारी ही वाट दगडागोट्यांची आणि उभ्या चढाची आहे. माचीवर पोहोचेपर्यंत अंगठ्याचा हा सांधा हजारो वेळा वाकतो आणि सरळ होतो. उतरताना तर सारा भार त्याच्यावरच येतो. भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडाच्या परिसरात हौतात्म्य पत्करले. दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना वंदन करण्यासाठी माणसे येथे जमतात. त्यांत तरणे असतात तसे वृद्धही असतात. ज्याचा अंगठा धड आहे त्याला या वाटेचे काही वाटत नाही. ज्याच्या अंगठ्याचा सांधा आखडला आहे त्याला पहिल्याच चढणीवर बसावे लागते.

डोंगर सोडून शेतात या. आवणीच्या दिवसांत आपल्या बायाबापड्या गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभ्या असतात. चिखलात पाऊल रोवताना अंगठाच जमीन पकडतो. चुलीपुढे उकिडवे बसणे, भांडी घासणे, विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन बांधावरून चालणे, या साऱ्या कामांत त्याचा वाटा आहे.

आणि नमाजमध्ये तर आहेच. सजद्यात कपाळ व नाक, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे असे सात अवयव जमिनीला टेकवावेत, हे मुलांना मकतबातच शिकवले जाते. अत्तहियात पढताना उजवे पाऊल उभे ठेवून त्याची बोटे किब्ल्याच्या दिशेने वळवून बसण्याची रीत आहे. त्या बैठकीत अंगठ्याचा सांधा जवळजवळ काटकोनात वाकतो. चालताना तो इतका वाकत नाही. घरातील एखादे बुजुर्ग त्या बैठकीत अस्वस्थ होऊन पाऊल आडवे करू लागले, तर त्यांच्या अंगठ्याचे दुखणे सुरू झाले आहे असे समजण्यास हरकत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दोन निराळी दुखणी

या सांध्याला मुख्यतः दोन दुखणी जडतात. त्यांत गल्लत होते आणि गल्लतीमुळे चुकीचा उपचार होतो.

पहिले दुखणे अचानक येते. रात्री झोपेतच अंगठा सुजतो, लाल होतो, आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. प्राचीन ग्रीक वैद्य याला ‘पोडाग्रा’ म्हणजे पायाचा फास म्हणत. आयुर्वेदात याच्याशी जुळणाऱ्या व्याधीस ‘वातरक्त’ म्हटले असून तिचे एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही आहे. युनानी वैद्यकात त्याला ‘निक्रिस’ म्हणतात. इब्न सिना (९८० ते १०३७) यांच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात सांधेदुखी व निक्रिस यांचे विवेचन आहे. अरब हकीम या रोगावर ‘सुरंजान’ नावाच्या वनस्पतीचा कंद वापरीत. याच कुळातील वनस्पतीपासून १८२० साली पेलेतिये व काव्हेंतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी जे द्रव्य वेगळे केले ते ‘कोल्चिसिन’. आजही डॉक्टर या रोगात ते देतात. आपल्या हकिमांच्या बटव्यातील औषध शेकडो वर्षांनी प्रयोगशाळेच्या कसोटीस उतरले, ही अभिमानाची बाब होय. मात्र त्याची मात्रा थोडी जरी चुकली तरी ते विषासारखे बाधते, म्हणून ते स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

या रोगाचे कारण १८४८ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड गॅरॉड यांनी दाखवून दिले. रक्तातील युरिक आम्ल वाढते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. यावर औषधे व पथ्य हाच उपाय असतो.

दुसरे दुखणे हळूहळू येते. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत अस्तर असते त्याला कूर्चा म्हणतात. ही कूर्चा झिजते, हाडावर हाड घासू लागते आणि सांध्याच्या वरच्या बाजूस हाडाची नवी वाढ होते. मग अंगठा वर वाकेनासा होतो. १८८७ च्या सुमारास डेव्हिस-कॉली आणि कॉटरिल या दोन ब्रिटिश शल्यविशारदांनी या ताठरलेल्या अंगठ्याचे प्रथम नीट वर्णन केले. ज्या सांधेरोपणाची हकीकत पुढे येते ते या दुसऱ्या दुखण्यासाठी असते.

लाकडाचा अंगठा आणि बादशहाचा गुडघा

गमावलेल्या अवयवाच्या जागी दुसरा बसवण्याची इच्छा फार जुनी आहे. ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीला धातूची जंघा मिळाल्याचा उल्लेख येतो. परंतु प्रत्यक्ष हाती लागलेला, वापरात असलेला सर्वात जुना कृत्रिम अवयव कोणता असे विचारले, तर अभ्यासक ज्या वस्तूकडे बोट दाखवतात ती वस्तू म्हणजे पायाचा अंगठाच आहे! इजिप्तमध्ये लक्सर शहराजवळच्या प्राचीन थडग्यात एका स्त्रीची ममी सापडली. तिच्या उजव्या पायाचा अंगठा कापलेला होता आणि त्या जागी लाकूड व चामडे यांचा तीन तुकड्यांचा अंगठा बांधलेला होता. त्या स्त्रीचे नाव ताबाकेतेनमुत असे असून ती एका पुरोहिताची कन्या होती. हा अंगठा इसवी सनापूर्वी सुमारे ९५० ते ७१० या काळातला आहे. तो कैरोच्या संग्रहालयात ठेवण्यात आला. असाच दुसरा एक अंगठा, ताग्याचे कापड, सरस व चुना यांचा बनवलेला, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हे अंगठे केवळ मृतदेह सजवण्यासाठी होते की हयातीत वापरले गेले, याविषयी वाद होता. मँचेस्टर विद्यापीठातील जॅकलिन फिंच यांनी त्या अंगठ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार केल्या आणि ज्यांचा उजवा अंगठा नव्हता अशा माणसांना इजिप्शियन वहाणांसह त्या घालून चालावयास लावले. २०११ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अंगठ्यांच्या साहाय्याने माणूस चांगला चालू शकत होता. कैरोच्या लाकडी अंगठ्याला तर बिजागरीसारखी जोड आहे. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिराला हे उमगले होते की अंगठा नुसता असून भागत नाही, तो वाकला पाहिजे.

मध्ययुगात शल्यविद्येची ज्योत तेवत ठेवणाऱ्यांत अबुल कासिम अल्-झहरावी (९३६ ते १०१३) यांचे नाव अग्रभागी आहे. स्पेनमधील कुर्तुबाजवळच्या अझ्-झहरा नगरीच्या या शल्यविशारदाने ‘अल्-तसरीफ’ हा तीस खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या खंडात हत्यारांच्या आकृत्या आहेत आणि हाडे मोडणे व सांधे निखळणे यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील शल्यवैद्य पुढे कित्येक शतके ते अभ्यासत राहिले.

तरीही, झिजलेला किंवा मोडलेला सांधा पूर्ववत करणे त्या काळी कोणाच्याच आवाक्यात नव्हते. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले. १७०० सालचा पावसाळा सरत असताना औरंगजेब बादशहाची छावणी आजच्या सोलापूर जिल्ह्यात, माण नदीकाठी खवासपूर येथे पडली होती. एका रात्री नदीला अकस्मात पूर आला आणि छावणीत हलकल्लोळ माजला. गडबडीत उठताना वयोवृद्ध बादशहाचा पाय घसरला व उजवा गुडघा निखळला. पदरी नामांकित हकीम असूनही तो नीट बसला नाही आणि बादशहा आयुष्यभर किंचित लंगडत राहिला. आपला मूळपुरुष तैमूरलंग याचा वारसाच बादशहाला मिळाला, असे म्हणून दरबारी लोकांनी त्याचे समाधान केले. काबूलपासून दक्षिणेपर्यंतच्या मुलखाच्या धन्याला जे मिळू शकले नाही, ते तीनशे वर्षांनी एका सामान्य वृद्धेला सरकारी इस्पितळात मिळू शकते. विद्येचा प्रताप तो हाच.

हस्तिदंतापासून प्लॅस्टिकपर्यंत

शस्त्रक्रियेची दारे उघडली ती दोन शोधांनी. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली आणि १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जखमेतील जंतूंचा नाश करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता वेदनेशिवाय आणि पू न होता सांधा उघडता येऊ लागला.

१८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचा गुडघा बसवण्याचे धाडस केले. परंतु त्यांचे रुग्ण बहुतांशी सांध्याच्या क्षयाचे होते. जंतूंनी पोखरलेल्या हाडात तो सांधा टिकला नाही. अंगठ्याच्या बाबतीत शल्यविशारदांनी अधिक सोपे मार्ग धरले. १८९४ साली क्लटन यांनी सांध्याची दोन्ही हाडे एकमेकांना कायमची जोडून टाकण्याची पद्धत सांगितली. ही सांधा जखडण्याची शस्त्रक्रिया होय. हाड हाडाशी एकजीव झाले की घासणे संपते आणि वेदनाही संपते. मात्र सांधा पुन्हा वाकत नाही. १९०४ साली अमेरिकी लष्करातील केलर यांनी सांध्याच्या एका हाडाचा भाग काढून टाकण्याची रीत प्रचारात आणली. तिने अंगठा हलता राहतो, पण आखूड व दुबळा होतो.

कृत्रिम सांध्याचे खरे युग सुरू केले ते इंग्लंडच्या जॉन चार्न्ली यांनी. लँकेशायरमधील राइटिंग्टन इस्पितळात त्यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा संयोग बसवला. सुरुवातीस सारे उत्तम चालले. तीनचार वर्षांत मात्र टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी आजूबाजूच्या पेशी सुजल्या आणि शेकडो रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. चार्न्ली यांनी अपयश दडवले नाही. त्या पदार्थाचा कण शरीरात काय करतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. अखेरीस १९६२ साली पॉलिएथिलीन नावाचे चिवट प्लॅस्टिक त्यांना गवसले आणि खुब्याचे रोपण जगभर यशस्वी झाले.

अंगठ्याचा कृत्रिम सांधा

खुबा आणि गुडघा साधला, मग अंगठा का साधू नये, असे साहजिकच शल्यविशारदांना वाटले. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी हाताच्या बोटांसाठी रबरासारख्या सिलिकॉनचे सांधे तयार केले होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ते पायाच्या अंगठ्यातही बसवले. पुढे १९७० च्या दशकात दोन्ही हाडांत शेपट्या रोवून मध्ये वाकणारा सिलिकॉनचा सांधा आला. वेदना थांबे, अंगठा वाके, आणि रुग्ण आनंदित होत. हजारो लोकांच्या पायांत तो बसवला गेला.

परंतु हातावर शरीराचा भार नसतो, पायावर असतो. वर्षे लोटली तसे काही सांधे फाटू लागले. सिलिकॉनचे बारीक कण सुटून सूज आली आणि भोवतालचे हाड पोखरले जाऊ लागले. मग हाडाच्या तोंडाशी टायटॅनियमच्या कड्या बसवण्यात आल्या. त्यानंतर धातू व प्लॅस्टिकचे, तसेच सिरॅमिकचे दोन तुकड्यांचे सांधे आले. प्रत्येक वेळी जाहिरात झाली की आता प्रश्न सुटला.

एडिंबरो येथील गिब्सन व थॉमसन यांनी या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी योग्य तो मार्ग अवलंबिला. त्यांनी अंगठा आखडलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचा सांधा जखडला, दुसऱ्या गटात कृत्रिम सांधा बसवला आणि दोन वर्षे सर्वांवर लक्ष ठेवले. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जखडलेले सर्व अंगठे नीट जुळून आले. बसवलेल्या ३९ कृत्रिम सांध्यांपैकी ६ सैल होऊन काढावे लागले. वेदनाही जखडलेल्यांचीच अधिक कमी झाली होती. शंभर वर्षांपूर्वीची साधी पद्धत नव्या यंत्राला भारी ठरली!

यानंतरचे प्रकरण तर अगदी अलीकडचे आहे. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘कार्टिव्हा’ नावाच्या लहानशा गुडदाणीला मान्यता दिली. ओलसर, लवचिक अशा कृत्रिम पदार्थाची ही गुडदाणी झिजलेल्या कूर्चेच्या जागी हाडात बसवत. अंगठा वाकता राही, म्हणून तिचा बोलबाला झाला. मात्र ती हाडात खचते, सरकते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, अशा तक्रारी अपेक्षेपेक्षा जास्त आल्या. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात निर्मात्या कंपनीने ती बाजारातून परत घेतली.

याचा अर्थ कृत्रिम अंगठा मुळीच उपयोगाचा नाही असा नव्हे. योग्य रुग्णात, अनुभवी हातांनी बसवलेले काही सांधे वर्षानुवर्षे चांगले चालतात. परंतु खुबा-गुडघ्याच्या रोपणाला जी खात्री लाभली ती या लहान सांध्याला अद्याप लाभलेली नाही. आपल्या देशात तर ही शस्त्रक्रिया क्वचितच होते.

आपल्या महाराष्ट्रात

महाराष्ट्रात या विद्येचा पाया चांगला घातला गेला. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. खुब्याच्या सांधेरोपणाचे भारतातील आद्य पुरस्कर्ते म्हणून मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव आदराने घेतले जाते. पुण्यात १९६५ साली आपल्या संस्थेची सुरुवात करणाऱ्या डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा स्वदेशी कृत्रिम गुडघा तयार केला. परदेशी गुडघे महाग होते, आणि ते भारतीयांच्या हाडांच्या मापाचे नव्हते.

सर्वसामान्य माणसाला सांधेरोपण हा शब्द कळला तो मात्र २००० साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा, आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा, मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात बदलण्यात आला. शस्त्रक्रिया अमेरिकेतील भारतीय शल्यविशारद डॉ. चित्तरंजन रणावत यांनी केली. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या प्रकारच्या गुडघ्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. त्यापूर्वी त्याच वस्तूसाठी रुग्णांकडून याच्या कितीतरी पट रक्कम घेतली जात असे. ही मर्यादा गुडघ्याला आहे. अंगठ्याचा कृत्रिम सांधा तीत येत नाही.

कोणाच्या पायासाठी?

येथे वाचकांना नमाजच्या बैठकीची आठवण करून द्यावीशी वाटते. एडिंबरोच्या रुग्णाला बूट घालून रस्त्याने चालावयाचे आहे. त्याचा अंगठा जखडला तरी त्याचे फारसे अडत नाही. आपल्या शेतकऱ्याला चिखलात अनवाणी काम करावयाचे आहे, उकिडवे बसावयाचे आहे, अत्तहियातमध्ये बोटे वळवावयाची आहेत. म्हणजे तोच इलाज दोन माणसांना सारखाच मानवेल असे नाही.

राजस्थानात हाच प्रश्न एकदा सोडवला गेला. परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय आपल्या लोकांना उकिडवे किंवा मांडी घालून बसू देत नसत, आणि अनवाणी चालण्यासही ते निरुपयोगी होते. लोक ते घरी नेत आणि कोपऱ्यात टाकून कुबड्या घेत. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे पाहिले. रामचंद्र शर्मा नावाच्या अल्पशिक्षित पण हुन्नरी कारागिराच्या साथीने त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा असा पाय तयार केला की ज्याने चिखल तुडवता येतो, बैठक घेता येते आणि झाडावरही चढता येते. तोच जगप्रसिद्ध ‘जयपूर फूट’. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. डॉक्टरची विद्या आणि कारागिराचा हात एकत्र आले, आणि दोघांनी रुग्ण कसा जगतो हे आधी पाहिले. अंगठ्याच्या सांध्याला असा सेठी आणि असा रामचंद्र अजून मिळावयाचा आहे.

पालकांनी काय करावे

आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकीकडे आई वर्षानुवर्षे लंगडत असते आणि घरात कोणी विचारीत नाही. ‘वय झाले’ एवढ्यावर सारे निभावते. दुसरीकडे कोणाच्या तरी सांगण्यावरून शेताचा तुकडा विकून मोठ्या शहरात शस्त्रक्रिया केली जाते. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न न विचारण्याची सवय आहे.

अंगठा दुखत असेल तर प्रथम रक्त तपासून व क्ष-किरण चित्र काढून दुखणे कोणते ते ठरवून घ्यावे. ते निक्रिस असेल तर औषधाने आटोक्यात येते. सांध्याची झीज असेल तर आधी कडक तळव्याची, पुढे किंचित गोलसर उचललेली पादत्राणे वापरून पाहावीत. त्यानेच अनेकांचा त्रास कमी होतो. पुष्कळदा वरच्या बाजूस वाढलेले हाड तासून काढण्याची छोटी शस्त्रक्रिया पुरते आणि सांधाही हलता राहतो. त्याने भागले नाही तरच सांधा जखडणे किंवा बदलणे यांचा विचार करावा. मधुमेह असणाऱ्यांनी पायाच्या कोणत्याही जखमेकडे वा शस्त्रक्रियेकडे विशेष सावधपणे पाहावे. हाडवैद्याकडून आखडलेला अंगठा ओढून घेऊ नये.

मोठी शस्त्रक्रिया ठरलीच, तर डॉक्टरांना चार गोष्टी नम्रतेने विचाराव्यात. हा सांधा आपण किती जणांना बसवला? पाच वर्षांनी त्यांची स्थिती काय आहे? तो निकामी झाला तर पुढे काय? आणि मला शेतात अनवाणी काम करावयाचे आहे, नमाज पढावयाची आहे, तर माझ्यासाठी कोणता मार्ग बरा? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरेच वाटते.

बैठक घेता येत नाही म्हणून कोणी खंतावू नये आणि त्यापायी शस्त्रक्रियेची घाईही करू नये. ज्याला उभे राहणे जमत नाही त्याने बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी, अशी सवलत आपल्या धर्मानेच दिली आहे. आजाऱ्याला सवलत देणाऱ्या दीनमध्ये आखडलेल्या अंगठ्याची अडचण ती काय! मशिदीत खुर्चीवर बसलेल्या बुजुर्गाकडे कोणी वक्रदृष्टीने पाहू नये, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, या लहानशा सांध्याच्या इतिहासात इजिप्तचा कारागीर आहे, कुर्तुब्याचा झहरावी आहे, स्वतःच्या मांडीत सुई टोचून घेणारा चार्न्ली आहे आणि जयपूरचा रामचंद्र आहे. कोणी अपयश लपवले नाही म्हणून पुढच्याला वाट सापडली. नवे ते चांगलेच असे त्यांनी मानले नाही, आणि जुने ते पुरेसे आहे असेही मानले नाही. प्रत्येक गोष्ट पारखून घेतली. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी अभियंता, कोणी लेथवर धातू कातणारा कुशल कामगार. भिवंडी-कल्याणच्या कारखान्यांतून आपल्या समाजाच्या मुलांच्या हातात हुन्नर भरपूर आहे, त्याला शास्त्राची जोड मिळाली पाहिजे. चिखलात रोवता येईल, सिद्धगड चढता येईल आणि सजद्यात वळवता येईल असा अंगठ्याचा सांधा जगाला अजून हवा आहे. तो घडवणारे हात आपल्या शाळेच्या बाकांवर बसलेले असावेत, अशी अल्लाहजवळ प्रार्थना करून हा लेख संपवतो.